आतड्यातील उपकारक जीवाणूंची पुनर्स्थापना : पूरके आणि शिरोड्याचा पारंपरिक आहार

प्रस्तावना :
मानवाच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू वास्तव्य करतात. न पचलेले तंतुमय पदार्थ आंबवून ते लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात, आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत. प्रतिजैविके घेतल्यावर रोगजंतूंसमवेत या समुदायाचीही हानी होते. म्हणूनच औषधांच्या जोडीला जिवाणूयुक्त कॅप्सूल घेण्याची प्रथा रूढ झाली आहे. हरवलेला समुदाय अशा पूरकांनी परत येतो काय, याचा विचार सदर लेखात केला आहे.

पूरकांचे स्वरूप व मर्यादा :
अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्यास लाभदायक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक होय. या जीवाणूंचे अन्न ठरणारे तंतुमय घटक म्हणजे प्रीबायोटिक. ओडिशातील ४,५५६ नवजात अर्भकांवरील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विशिष्ट लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे खाद्य एकत्र दिल्याने जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. याउलट, इस्रायलमधील २०१८ च्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर बहुजीवाणू पूरक घेतलेल्या निरोगी प्रौढांचा मूळ समुदाय, काहीही न घेतलेल्यांपेक्षा उशिरा पूर्वपदावर आला. लाभ हा विशिष्ट वाणाचा, विशिष्ट प्रयोजनासाठी असतो. तो सरसकट सर्व पूरकांना लागू होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

शिरोड्याचा आहार :
वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मिठागरांसाठी आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी प्रसिद्ध आहे. या किनाऱ्यावर आजाऱ्याला प्रथम दिली जाते ती उकड्या तांदळाची पेज. शिजवलेला भात थंड झाला की त्यातील काही पिष्ट लहान आतड्यात न पचणारे बनते व मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे खाद्य ठरते. कुळीथ, चवळी व नाचणी यांतील तंतूही हेच कार्य करतात. मात्र आंबवलेला प्रत्येक पदार्थ प्रोबायोटिक नव्हे. आंबोळीचे पीठ आंबवलेले असले तरी तव्यावरील उष्णतेने त्यातील जीवाणू मरतात. ताज्या ताकात ते जिवंत असतात. परंतु त्यांचा लाभ सिद्ध झाल्याविना ताकालाही शास्त्रीय अर्थाने ही संज्ञा लावता येत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांना २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला व मेगास्फेरा यांचे प्राबल्य आढळले. प्रेव्होटेलाचा संबंध वनस्पतिजन्य, तंतुमय आहाराशी जोडला जातो. म्हणून परदेशातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरते.

व्यावहारिक दक्षता :
पूरक घेताना वेष्टनावरील जीवाणूचे पूर्ण नाव, वाण, जिवंत संख्या व साठवणुकीचे तापमान पाहावे. किनाऱ्याच्या उष्ण व दमट हवेत अनेक वाण लवकर मरतात. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना पूरके घेऊ नयेत. जुलाब तीव्र असल्यास, ताप आल्यास अथवा रक्त पडल्यास पेजेवर वा कॅप्सूलवर विसंबू नये.

निष्कर्ष :
पूरकातील जीवाणू हे बहुधा काही दिवसांचे पाहुणे असतात. मूळ रहिवाशांना पुन्हा उभे करते ते त्यांचे रोजचे अन्न. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर टाळणे आणि स्थानिक धान्य-कडधान्यांचा आहार टिकवणे हाच या समुदायाच्या रक्षणाचा अधिक भरवशाचा मार्ग होय.