पिठाची जाळी, पत्रिकेची जाळी

नागपुरात हिस्लॉप कॉलेज कुणाला विचारावं लागत नाही. पण ज्यांच्यावरून ते नाव पडलं, त्या स्टीफन हिस्लॉप यांच्याच नावाचा एक जीव तळ्यांत राहतो, हे कुणी सांगत नाही. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आलेल्या या स्कॉटिश माणसाला खडक, जीवाश्म, गोंडांच्या कथा, सगळ्याचीच ओढ होती. इथल्या पाण्यातले बारीक कवचधारी जीवही त्यांनी गोळा करून लंडनला धाडले. ब्रिटिश म्युझियमच्या विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये त्यांची वर्णनं लिहिली आणि एकाला हिस्लॉप यांचं नाव दिलं. सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी हे त्याचं आजचं नाव. याच गटातल्या प्राण्यांचे जीवाश्म हिस्लॉप यांनी मांगलीच्या खडकातूनही काढले होते. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, सप्टेंबर १८६३ मध्ये, ओढ्याच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला.

हा जीव जेमतेम काही मिलिमीटरचा. दोन पारदर्शक शिंपल्यांत मिटून बसलेला, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो शिंपल्याचं पिल्लूच वाटतो. भिंगाखाली धरला की आत पायांची रांग सतत हलताना दिसते आणि हा कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे हे कळतं. त्याच्या बहुतेक भाईबंदांची पिल्लं अंड्यातून अर्धवट रूपात बाहेर पडतात. याची मादी मात्र पिल्लं कवचाआड वाढवते आणि आपल्यासारखीच चिमुकली, पूर्ण घडलेली पिल्लं पाण्यात सोडते. पाणपिसवाही असंच करतात, त्यामुळे त्यांच्या नात्यागोत्याचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांचं याच्याकडे कायम लक्ष असतं.

याची पुढची हकीकत नॉर्वेतली. १८८०च्या दशकात गेऑर्ग ओसियन सार्स यांना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या एका तळ्याचा वाळलेला चिखल मिळाला. त्यांनी तो पाण्यात भिजवला आणि वाट पाहिली. त्या सुक्या मातीतून जे जीव उपजले, त्यांत नागपूरचाच हा प्राणी होता! १८८७ मध्ये सार्स यांनी त्याच्यासाठी सायक्लेस्थेरिया ही नवी प्रजाती उभी केली आणि हिस्लॉप यांचं नाव तसंच ठेवलं. ऑस्ट्रेलियाला न जाता, भांडी, पाणी आणि धीर एवढ्यावर झालेलं हे काम मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं.

असे जीव पकडायच्या जाळीची गोष्टही अशीच घरगुती आहे. आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन या लष्करी डॉक्टरांनी खेकड्यांची पिल्लावळ पकडली ती मलमलीच्या जाळीत. त्यांचं लेखन १८२८ पासूनचं. जानेवारी १८३२ मध्ये बीगल जहाजावर तरुण डार्विनने निशाणांच्या कापडाची पिशवी शिवून समुद्रात ओढली. पण खरा फरक पडला तो पीठगिरण्यांमुळे. पीठ चाळायच्या रेशमी कापडाची वीण अशी असते की धागे सरकत नाहीत आणि भोकं एकसारखी राहतात. जर्मनीत व्हिक्टर हेन्सन यांनी तेच रेशीम जाळ्यांना लावलं, आणि १८८७ मध्ये 'प्लँक्टन' हा शब्दही त्यांनीच रूढ केला. भोक एकसारखं असलं की काय अडलं आणि काय निसटलं हे ठरवता येतं. मग आजचं पाणी कालच्या पाण्याशी ताडून पाहता येतं. मलमलीने जीव दाखवले, गिरणीच्या रेशमाने ते मोजता आले.

आपल्याकडे हीच युक्ती गावोगाव पोचली ती नारूमुळे. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात सुटत, त्या सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवाच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढच्या वर्षी नारू होई. महाराष्ट्रानेही हा रोग भोगला आहे. १९८०च्या दशकात देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि त्यात पाणी कापडाने गाळून घेण्यावर भर होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ज्या आयाबायांनी हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं, त्या रोज सायक्लॉप्स पकडत होत्या. पाणथळ जागांच्या अभ्यासात त्यांचं नाव कुणी घेत नाही, घ्यायला हवं.

आज गिरणीच्या रेशमाची जागा नायलॉन आणि पॉलिएस्टरने घेतली आहे, आणि ते कापड स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. लग्नपत्रिका छापायची ती जाळी. घेताना एक लक्षात ठेवावं: तिच्यावरचा आकडा धाग्यांचा असतो, भोकाचा नाही, धागा जाड असला तर त्याच आकड्याला भोक लहान होतं. म्हणून भोकाचं माप मायक्रॉनमध्ये विचारून घ्यावं. मी स्टीलच्या तारेचं कडं करते, त्याला आधी जाड सुती पट्टी शिवते आणि पट्टीला जाळीचा शंकू जोडते. जाळी थेट तारेवर शिवली तर ती तिथेच फाटते. टोकाला झाकणाची छोटी बाटली बांधायची. उथळ बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाळी ओढली की चिखलच भरतो. त्यापेक्षा दहा लिटरच्या बादलीने पाणी काढून जाळीतून ओतावं. पाच बादल्या म्हणजे पन्नास लिटर, हिशेब तिथल्या तिथे झाला. मग सगळं पांढऱ्या थाळीत उपडं करायचं आणि दोन मिनिटं थाळी हलवायची नाही. काडीकचरा खाली बसतो, आणि जे झटके देत फिरत राहतं ते सायक्लॉप्स. पाणपिसवा टिपायच्या असतील तर मद्यार्कात घालण्याआधी थोडा साधा सोडा ओतावा. त्या सुन्न होतात आणि आकार बिघडत नाही.

अशा साध्या साधनांना अजून पुष्कळ काम आहे. सह्याद्रीतल्या खडकांवरच्या डबक्यांत, जी जून ते हिवाळ्यापर्यंतच जिवंत असतात, राहणारा फेअरी श्रिम्प स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस विज्ञानाला २०१४ मध्ये माहीत झाला. कोकणातले सडे आपण पडीक म्हणून खाणींना देतो आहोत आणि त्यांवरच्या डबक्यांत काय आहे याची पुरती यादीही केलेली नाही, याचा मला राग येतो. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं ते मुख्यतः पक्ष्यांच्या बळावर. तिथले पक्षी दरवर्षी मोजले जातात. पक्ष्यांच्या पोटात शेवटी जे जातं, तेही मोजायला हवं. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर शाळेतल्या मुलांनाही हे जमेल, मात्र प्रत्येक बाटलीत चिठ्ठी हवी: तळं, गाव, तारीख, जाळीचं भोक, किती लिटर पाणी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई मद्यार्कात विरघळते.

आणि एका तळ्याची जाळी तशीच दुसऱ्या तळ्यात घालू नये. उन्हात वाळवून भागत नाही, कारण यातल्या अनेकांची अंडी दुष्काळ काढण्यासाठीच घडलेली असतात. जाळी कढत पाण्यात बुडवून, शिवण उलटी करून घासावी. जमेल तर दर तळ्याला वेगळी जाळी ठेवावी. कापड स्वस्त आहे.