चिंचवड पाहावे कसे : गाईडसोबतची खासगी फेरी

मोठे शहर पाहायच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली म्हणजे ठरल्या वेळी सुटणारी आणि ठरल्या ठिकाणीच थांबणारी दर्शन-बस. पीएमपीएमएलची ‘पुणे दर्शन’ हे तिचे परिचित उदाहरण. दुसरी म्हणजे एखाद्या कुटुंबाने किंवा चार-सहा जणांनी स्वतःपुरता गाईड ठरवून केलेली खासगी फेरी. बसचा खर्च कमी येतो, पण वेळ आणि क्रम प्रवाशांच्या हाती नसतात. खासगी फेरीत कुठे रेंगाळायचे आणि काय वगळायचे हे पाहुणे ठरवतात. सोबत आजी-आजोबा असतील तर चालणे कमी करता येते, शाळकरी मुले असतील तर गोष्टी वाढवता येतात. दिल्ली, मुंबई, जयपूर या शहरांत ही पद्धत जुनी आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या उद्योगनगरीला तर तीच अधिक मानवते.

कारण या शहराची महत्त्वाची ठिकाणे आपणहून डोळ्यांत भरत नाहीत. समाधिमंदिर जुन्या गावठाणाच्या टोकाला नदीकाठी आहे, क्रांतिकारकांचा वाडा इमारतींच्या दाटीत आहे आणि ज्या कारखान्यांनी शहर घडवले ते उंच कुंपणांच्या आत आहेत. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका स्थापन झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सतरा लाखांच्या वर गेली होती. एवढ्या झपाट्याने वाढलेल्या शहरात जुने आणि नवे एकमेकांत मिसळून गेले आहे. ते सोडवून, क्रम लावून सांगणारे माणूस सोबत असेल तरच फेरी सार्थकी लागते.

फेरीची सुरुवात चिंचवडगावातून, पवनेच्या घाटावरून करणे सर्वांत सोयीचे. येथील मोरया गोसावींचे समाधिमंदिर हे शहराचे जुने आणि सर्वांत जागते ठिकाण. मोरया गोसावी हे गाणपत्य संप्रदायातले थोर सत्पुरुष. त्यांनी थेऊरला तप केले, मोरगावच्या मयूरेश्वराची वारी चालवली आणि अखेरीस पवनेकाठी संजीवन समाधी घेतली, अशी परंपरा आहे. ‘गणपती बाप्पा मोरया’ या घोषातला मोरया तो हाच, असे भाविक मानतात. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या अष्टविनायकांपैकी तीन क्षेत्रांचा कारभार आजही चिंचवड देवस्थानाकडे आहे. त्यामुळे हे केवळ एका गावाचे देऊळ राहत नाही, महाराष्ट्राच्या गणेशभक्तीचे ते एक मूळपीठ ठरते.

मंदिराची बांधणी साधी आणि भक्कम आहे. सभामंडप चौकोनी, तर गाभारा अष्टकोनी. येथे घाई करणारा पाहुणा बाहेरच्या भिंतीवरचा शिलालेख हमखास चुकवतो. बांधकामाला शके १५८०च्या कार्तिकात सुरुवात झाली आणि शके १५८१च्या आषाढात ते पुरे झाले, अशी नोंद त्यावर आहे. म्हणजे इसवी सन १६५८-५९. शिवाजी महाराजांच्या हातून अफझलखान मारला गेला त्याच सुमाराचा हा काळ. मंदिर मोरयांचे पुत्र चिंतामणी यांनी बांधले, असे परंपरा सांगते. तीच परंपरा मोरयांच्या समाधीची तिथी मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १४८३, म्हणजे इसवी सन १५६१ अशी देते. वडिलांची समाधी आणि मुलाने बांधलेले मंदिर यांत जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर पडते. म्हणूनच मोरयांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि काही जण त्यांना बरेच अलीकडे, सतराव्या शतकात आणतात. श्रद्धेला धक्का न लावता हा पेच पाहुण्यांपुढे मांडता येणे, ही गाईडची खरी परीक्षा. तिथीवरून वाद असला, तरी समाधी महोत्सव दर मार्गशीर्षात थाटाने होतो.

नदीची साथ या मंदिराला लाभली आहे आणि तिचा धाकही. पावसाळ्यात पवना धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की घाट बुडतो आणि पाणी थेट मंदिरात शिरते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी नदीच्या पाण्याची चौकशी करूनच निघावे.

घाटावरून पायी मंगलमूर्ती वाड्यात जाता येते. मोरयांना कऱ्हा नदीत स्नान करताना गणेशमूर्ती मिळाली, अशी कथा आहे. ती मूर्ती या वाड्यात पुजली जाते. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी येथूनच मोरगावला निघते. मोरयांच्या वंशात सात पिढ्यांपर्यंत गणेशाचा अंश असल्याची समजूत होती आणि घराण्याला ‘देव’ हे आडनाव पडले. या ख्यातीमुळे परदेशी प्रवासीही येथे आले. १८००च्या सुमारास आलेल्या एडवर्ड मूर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने चिंचवडच्या ‘जिवंत देवा’वर निबंध लिहिला. १८०९ साली मारिया ग्रॅहम ही लेखिका येऊन गेली. तिच्या प्रवासवर्णनात चिंचवडची हकिगत आहे, मात्र तिचा सूर टीकेचा आहे. दर्शनाला आलेला भाविक आणि पाहायला आलेला परका यांच्या नजरा किती वेगळ्या असतात, हे दोनशे वर्षांपूर्वीच्या या नोंदींवरून नीट समजते.

चिंचवडगावातच पुढे चापेकर वाडा आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या चापेकर बंधूंचे हे घर. वडील हरिपंत कीर्तनकार होते आणि मुले कीर्तनात त्यांना साथ करत. पुढे हे कुटुंब पुण्यात राहायला गेले. १८९६च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. त्याच्या बंदोबस्तासाठी १८९७च्या फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड याची नेमणूक झाली. गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या, सामानाची जाळपोळ, देवघरापर्यंत बुटांनिशी शिरणे आणि संशयितांना उचलून छावणीत नेणे यांमुळे शहर संतापले. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यात होता. तीच वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. समारंभाहून परतणाऱ्या रँडवर रात्री चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्याच्या मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मरण पावला.

पुढचा घटनाक्रम वाड्यात उभे राहून ऐकताना अंगावर येतो. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर १८९९च्या मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला रानडे आणि १२ तारखेला बाळकृष्ण फासावर गेले. एका घरातले तिन्ही मुलगे तेरा महिन्यांच्या आत गेले. वाड्याचा जीर्णोद्धार करून तेथे स्मारक उभारले आहे. क्रांतिवीर चापेकर स्मारक समिती ते सांभाळते आणि चिंचवडमध्येच पुनरुत्थान समरसता गुरुकुलम ही वंचित समाजातील मुलांची शाळाही चालवते. जवळच्या चापेकर चौकात या बंधूंचे पुतळे आहेत. ज्यांना हा इतिहास पडद्यावर पाहायचा आहे त्यांच्यासाठी नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९चा मराठी चित्रपट आहे.

गावठाणातला हा भाग पायी पाहायचा. येथून पुढे गाडी लागते, कारण शहराचा दुसरा अध्याय लोहमार्ग आणि मुंबई-पुणे महामार्ग यांच्या कडेने पसरला आहे. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली, पण कारखानदारी आली ती स्वातंत्र्यानंतर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरीत झाली, ती पिंपरी कॅम्प. शून्यातून उभे राहून सिंधी व्यापाऱ्यांनी तेथे मोठी बाजारपेठ वसवली. दुपारच्या खाण्यासाठी दाल-पकवान मिळणारी हीच जागा, आणि फाळणीचा इतिहास सांगायचीही.

पिंपरीतला सर्वांत महत्त्वाचा कारखाना म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, लोकांच्या तोंडी ‘एचए’. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने १९५४ साली ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातली देशातली ही पहिली औषध कंपनी. जे औषध परदेशातून आणावे लागत होते ते येथे बनू लागले. डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन हे औषध येथेच शोधले. महामार्गावरून रोज जाणाऱ्या हजारोंना ही केवळ एक जुनी भिंत दिसते. त्या भिंतीआडचे कर्तृत्व सांगितल्याशिवाय कळत नाही.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानांवर एमआयडीसीचे भूखंड पडले. आकुर्डीत बजाज ऑटो आली. १९६६ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, येथे बस्तान बसवले. आकुर्डीतून निघालेल्या बजाजच्या ‘चेतक’ स्कूटरने देशातल्या मध्यमवर्गाला स्वतःचे वाहन दिले, तर भारतात घडलेली ‘इंडिका’ मोटार १९९८ साली टाटांच्या याच कारखान्यातून रस्त्यावर आली. मोठ्या कंपन्यांच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणारी असंख्य वर्कशॉप उभी राहिली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण अशा सगळ्या भागांतून माणसे कामाला आली आणि आजचे शहर घडले. जर्मनीतील एसेन शहरात झोलफेराइन ही बंद पडलेली कोळशाची खाण जतन केली आहे. २००१ साली ती जागतिक वारसा ठरली आणि आता ती पाहायला जगभरातून लोक येतात. कारखाना हाही वारसाच असतो. पिंपरी-चिंचवडने आपल्या औद्योगिक आठवणी याच आस्थेने जपायला हव्यात.

सायंकाळचा थांबा निगडीचे भक्ती-शक्ती उद्यान. संत तुकाराम आणि शिवाजी महाराज यांच्या भेटीचे भव्य शिल्प येथे आहे. २०१८ साली याच परिसरात १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला गेला. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर याच वाटेने येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. त्या दिवशी गाडीने फेरी करणे अशक्य असते. त्याऐवजी पालखीसोबत चार पावले चालणे हेच शहरदर्शन समजावे.

हाताशी दुसरा दिवस असेल तर चाकण गाठावे. चिंचवडहून ते वीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण पुणे-नाशिक महामार्गावरची कोंडी लक्षात घेता सकाळी लवकर निघणे बरे. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आता मोटारींच्या जागतिक कंपन्यांचे केंद्र झाले आहे. मात्र गावातच संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी तो दीड महिन्याहून अधिक काळ लढवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. आज तट आणि खंदक यांचे थोडेच अवशेष उरले आहेत. वेढा कुठून पडला असेल आणि बुरुजाचे महत्त्व काय होते, हे जागेवर दाखवणारा कोणी नसेल तर पाहणारा पाच मिनिटांत परततो.

गाईड निवडताना काही गोष्टी आधी विचाराव्यात. केंद्रीय पर्यटन मंत्रालय ‘अतुल्य भारत टुरिस्ट फॅसिलिटेटर’ हा ऑनलाइन प्रशिक्षणक्रम चालवते. अशा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असल्यास पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे या गावाची माहिती किती आहे ते बोलून अजमावावे. मानधनात गाडी, इंधन, पार्किंग आणि जेवण धरले आहे का, हे आधीच ठरवावे. दुकानात नेऊन खरेदीचा आग्रह होणार नाही हेही बोलून घ्यावे. कारखाना आतून पाहायचा असेल तर कंपनीची परवानगी आगाऊ लागते, छायाचित्रणाला बहुधा मनाई असते आणि ऐन वेळी प्रवेश मिळत नाही. संकष्टी, अंगारकी आणि समाधी महोत्सवाच्या दिवशी मंदिरात रांगा लागतात. निवांत पाहायचे असेल तर हे दिवस टाळावेत, उत्सव अनुभवायचा असेल तर मुद्दाम निवडावेत.

पुण्याहून येणाऱ्यांना मेट्रो सोयीची आहे. पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा मार्च २०२२मध्ये सुरू झाला आणि आता ही मार्गिका स्वारगेटपर्यंत जाते. पिंपरीच्या महापालिका स्थानकावर उतरून गाईडची गाडी गाठता येते. सकाळी समाधिमंदिर, मंगलमूर्ती वाडा आणि चापेकर वाडा, दुपारी पिंपरी आणि आकुर्डी, सायंकाळी निगडी असा क्रम ठेवला तर एका दिवसात शहराचा चारशे वर्षांचा प्रवास काळाच्या ओघातच पाहून होतो. दुसऱ्या दिवशी चाकणला जोडून आळंदी किंवा देहू करता येते.