मालक मसाजला, कुत्रा कुठे?

इंग्लंडमधल्या कंट्री हाउस हॉटेलांच्या जाहिरातीत हल्ली एक फोटो हमखास असतो. शेकोटीसमोरच्या गालिच्यावर लॅब्राडोर पाय पसरून झोपलेला, आणि मागे पांढऱ्या झग्यातली मालकीण चहाचा कप घेऊन बसलेली. दोन रात्रींचा मुक्काम, नाश्ता, रात्रीचं जेवण, एक मसाज. कुत्र्यासाठी गादी, वाडगा आणि बिस्किटांची पुडी. कुत्र्याचे रात्रीमागे वेगळे पैसे. फोटो खोटा नसतो, पण त्या वेळी मसाज मात्र चालू नसतो. मसाजच्या दालनात, पोहण्याच्या तलावापाशी, सौनात कुत्र्याला मज्जाव असतो. आणि बऱ्याच हॉटेलांत त्याला खोलीत एकटं सोडून जायलाही परवानगी नसते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माणूस इतके पैसे मोजतो, नेमक्या त्याच तास-दीड तासात कुत्र्यानं कुठे असायचं, हे ठरलेलंच नसतं. अशा सुट्टीची पारख करायची तर ती या दीड तासावरून करावी, असं माझं म्हणणं आहे. गळ्यातला रंगीत रुमाल आणि नाव घातलेला वाडगा हे सगळं मालकाच्या डोळ्यांसाठी असतं.

या वाड्यांना कुत्रे नवे नाहीत. ससेक्समधल्या गुडवुड या जहागिरीवर तिसऱ्या ड्यूक ऑफ रिचमंडनं १७८७ मध्ये जेम्स वायट या नावाजलेल्या वास्तुशिल्पीकडून शिकारी कुत्र्यांसाठी खास इमारत बांधून घेतली. तिथे कुत्र्यांना ऊब मिळावी म्हणून तापवण्याची व्यवस्था होती, आणि खुद्द ड्यूकच्या वाड्यात तशी सोय व्हायला पुढे शंभरेक वर्षं लागली, असं गुडवुडचे लोक कौतुकानं सांगतात. आज त्या इमारतीत क्लब आहे आणि २०२२ पासून त्याच जहागिरीवर कुत्र्यांची मोठी जत्रा भरते. पण त्या जुन्या व्यवस्थेतली खरी गोष्ट दगड-विटांची नव्हती. कुत्र्यांना खाऊ घालणं, फिरवणं, त्यांची जखम-खरूज बघणं एवढंच काम असलेली माणसं तिथे पगारावर होती. महायुद्धांनंतर वारसा कर वाढला, नोकरचाकर परवडेनासे झाले, शेकडो वाडे पाडले गेले. जे वाचले त्यांतल्या काहींची हॉटेलं झाली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये उल्सवॉटरच्या काठी फ्रान्सिस कोल्सन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालू केलेलं शॅरो बे या जातीतलं पहिलं हॉटेल म्हणून ओळखलं जातं. स्पा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले, आणि कुत्र्यांना मुद्दाम आमंत्रण त्याहूनही अलीकडचं. या सगळ्या उलथापालथीत दगडी फरशीचा मागचा व्हरांडा टिकला, चिखलाचे बूट काढायची खोली टिकली, दाराबाहेरचा नळ टिकला. कुत्र्यांचा माणूस तेवढा गेला.

त्याचं काम आता हाउसकीपिंगच्या वाट्याला आलं आहे, आणि तेही अर्धंच. कुत्र्याची खोली रिकामी झाली की साध्या खोलीपेक्षा तिला बराच जास्त वेळ लागतो. आधी खिडक्या उघडायच्या. मग केस. व्हॅक्यूम गालिच्यावर चालतो, पण मखमली खुर्चीत रुतलेला लॅब्राडोरचा आखूड, ताठ केस त्याला दाद देत नाही. तिथे रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं ओढायचा. केसांची वळकटी होते, ती उचलायची. पलंगाखाली गुडघ्यावर बसून बघायचं, कारण अर्धवट चघळलेलं हाड नेहमी तिथेच असतं. पडद्याची खालची कड आणि पलंगाचे पाय नाकानंच तपासावे लागतात. नर कुत्र्यानं खूण करून ठेवली असेल तर ती तिथेच. त्यावर अमोनियाचं फिनेल मारलं की काम बिघडतं, कारण लघवीतही अमोनिया असतो आणि पुढच्या कुत्र्याला ते आमंत्रणच वाटतं. म्हणून एन्झाइमचं द्रावण ओतून, ते मुरू देऊन, मग टिपायचं. गादीची खोळ वेगळी धुवायची, वाडगे वेगळे. एवढं करूनही आपल्याला स्वच्छ वाटणारी खोली कुत्र्याच्या दृष्टीनं स्वच्छ नसतेच. वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. मागच्या आठवड्यात तिथे कोण राहून गेलं, हे त्याला दारातच कळतं.

आता तो दीड तास कुत्र्याच्या बाजूनं बघा. अनोळखी खोली, परक्या कुत्र्यांचे वास, दाराबाहेर ट्रॉलीची खडखड, आणि ओळखीचा एकमेव माणूस दार ओढून निघून गेलेला. अमेरिकेतल्या एका प्राणिनिवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मोजलं होतं. तणावाचं हे संप्रेरक पहिल्या तीन दिवसांत सर्वांत चढं होतं, नंतर उतरलं. निवारा आणि हॉटेलातला चार खांबांचा पलंग यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. मालक सोबत असला की बराच फरक पडतो. पण मालक सोबत नसतो त्याच वेळेबद्दल आपण बोलतो आहोत, आणि वीकेंडची सुट्टी त्या पहिल्या तीन दिवसांच्या आतच आटोपते. जागेची सवय होण्याआधीच सामान गाडीत भरलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की कुत्रा तसाही दिवसाचा निम्मा वेळ झोपतो, दीड तासानं काय बिघडतं? तो झोपलेला दिसतो, हे खरं. २०११ मध्ये स्वीडनमध्ये रेन आणि कीलिंग या संशोधक बायकांनी घरी एकट्या ठेवलेल्या कुत्र्यांचं चित्रण केलं. कुत्रे बहुतेक वेळ पडूनच होते. मात्र अर्ध्या तासानंतर मालक परतला तेव्हाच्या स्वागतापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत बरंच जास्त उत्कट होतं. थोडक्यात, पडून राहणं म्हणजे निवांत असणं नव्हे. आणि हे स्वतःच्या घरात! ब्रिटनमधली प्राणीकल्याण संस्था आरएसपीसीए सांगते की दहांपैकी आठ कुत्र्यांना एकटं राहणं जड जातं, आणि त्यांतल्या अनेकांच्या वागण्यात ते दिसतच नाही. न भुंकणारा, काही न कुरतडणारा कुत्रा हॉटेलच्या तक्रारवहीत येत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चाललं जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मालकाचा ताण उतरला की कुत्र्याचाही उतरतो, तेव्हा मालकाचा मसाज हा कुत्र्याचाही मसाज आहे, असं स्पावाले सुचवतात. त्याला आधार म्हणून लिन्शॉपिंग विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास दाखवता येतो. त्यात ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल तपासलं होतं, आणि दोघांचे चढउतार जुळत होते. अभ्यास उत्तम आहे, पण केसांत साठतं ते महिनोन्‌महिन्यांचं कॉर्टिसॉल. वर्षभर दमलेली, चिडलेली मालकीण कुत्र्यालाही वर्षभर ताणात ठेवते, एवढं त्यावरून म्हणता येईल. शनिवारी सकाळी खांदे मोकळे करून घेतल्यानं दुपारपर्यंत कुत्र्याचं मन हलकं होतं, हे त्यातून निघत नाही. उलट, कुत्रा खोलीत रडत असेल या विचारानं जिचा जीव टांगणीला लागला आहे, तिचे खांदे कोणत्या तेलानं मोकळे होणार?

मग कुत्र्यालाही आत घ्या, असं म्हणणारे आहेत. इथे मी हॉटेलांच्या बाजूची आहे. सौनातली हवा ८०-९० अंशांवर असते. माणूस अंगभर घामानं तग धरतो; कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. मसाजच्या दालनातली तेलंही निरुपद्रवी नाहीत. टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना सरळ विषारी आहे, आणि अंगावर पडलं तर कुत्रा ते चाटून घेणारच. सुवासांचं म्हणाल तर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये निवाऱ्यातल्या ५५ कुत्र्यांना वेगवेगळे वास देऊन पाहिले. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलनं ते जास्त विसावले, पण रोझमेरी आणि पेपरमिंटनं त्यांची उठबस आणि भुंकणं वाढलं. हे शेवटचे दोन वास स्पात नेहमीचे. (संगीताची गंमत अशी की ग्लासगो विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात निवाऱ्यातले कुत्रे सॉफ्ट रॉक आणि रेगेनं सर्वाधिक सैलावलेले दिसले. स्पातली संथ बासरी त्या यादीतच नव्हती.) तेव्हा दार बंद आहे ते योग्यच. पण दाराच्या बाहेर काय, याचं उत्तर देण्याची जबाबदारी त्यानं संपत नाही.

उत्तर महागडं नाही आणि ते वाड्याच्या अंगणातच आहे. पॅरिसच्या शार्लोट द्युरांतों आणि न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये वीस पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे रोज वास हुंगून वस्तू शोधायला लावली, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला. नंतर खाऊ असेल की नसेल हे न समजणाऱ्या जागी वाडगा ठेवला, तर हुंगणारे कुत्रे तिकडे आधीपेक्षा लवकर धावले. शिस्तीत चालणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. कुत्र्याची आशा नाकातून वाढते, असं म्हणू या. म्हणजे मालक मसाजला असताना त्याला हवा आहे तो एक न घाई करणारा माणूस, लांब पट्टा आणि कुंपणाकडेची ओली झुडपं. जी मोजकी हॉटेलं हे नीट करतात त्यांची रीत साधी असते. कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाची ओळख आदल्या संध्याकाळी, मालकासमक्ष करून द्यायची. मसाजची वेळ आणि फेरीची वेळ एकाच वहीत, एकाच ओळीत लिहायची. जोडपं असेल तर दोघांना एकाच वेळेची जागा आपण होऊन द्यायची नाही. एकामागून एक द्यायची. शेवटच्या गोष्टीला स्पाचे व्यवस्थापक नाखूश असतात, कारण जोडीनं मसाज हा त्यांचा चांगला खपणारा माल आहे.

फिरवणाऱ्याला भूभाग माहीत असावा लागतो, हेही ओघानं आलं. वाड्याच्या बागेत व्हिक्टोरियन हौसेची यू या झाडाची कुंपणं आणि ऱ्होडोडेंड्रॉन असतात, दोन्ही विषारी. वसंतात डॅफोडिलचे कंद उकरणारा कुत्रा थेट डॉक्टरकडे जातो. बागेपलीकडे मेंढ्या. खुल्या प्रवेशाच्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात पट्टा दोन मीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि मेंढ्यांच्या जवळ तर बाराही महिने. जनावरांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला काही परिस्थितीत गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला तिथला कायदा बचावाची वाट ठेवतो. मुंबई-पुण्याहून लंडनला स्थायिक झालेल्या आणि पहिल्यांदाच कुत्रा घेऊन खेड्यात निघालेल्या मराठी कुटुंबाला हे कोणी सांगितलेलं नसतं. आपल्याकडे लोणावळा-अलिबागच्या भाड्याच्या बंगल्यांतही आता कुत्र्यांना घेतात, पण तिथे काळजी गावातल्या भटक्या कुत्र्यांची आणि गोचिडांची.

एवढा खटाटोप कशाला, कुत्रा पाळणाघरात ठेवा आणि सुखानं जा, हा व्यवहारी सल्ला मी उडवून लावणार नाही. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार अशा पाळणाघरांना स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो, आणि म्हाताऱ्या किंवा भित्र्या कुत्र्याला ओळखीच्या शेजाऱ्याकडे ठेवणं हेच उत्तम. ज्याला गाडी लागते, त्याला चार तास मागच्या सीटवर बसवून 'आराम' द्यायला नेणं हा निव्वळ हट्ट आहे. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, हा टोमणाही रास्त आहे. मात्र चोचल्यांचे पैसे घेतलेच आहेत, तर ते कुठे खर्च व्हावेत हा प्रश्न उरतोच. रात्रीमागे घेतलेलं कुत्र्याचं शुल्क आज बहुतेक ठिकाणी सफाईच्या नावावर जमा होतं. सफाईचं काम किती आहे ते वर आलंच, म्हणून तो पैसा फुकट घेतात असं मी म्हणणार नाही. पण त्यातला काही भाग बिस्किटांच्या पुडीऐवजी त्या फिरवणाऱ्या माणसाच्या पगारात गेला, तर जुन्या जहागिरीवरची एक जागा पुन्हा भरेल. बहुतेक खेड्यांत असं काम अर्धवेळ करायला तयार असलेले निवृत्त लोक मिळतात. शनिवार-रविवारी सकाळी दहा ते दुपारी चार एवढीच गरज असते.

मसाजला आलेल्या माणसाकडून स्पात आधी एक फॉर्म भरून घेतात. रक्तदाब, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, सुक्या मेव्याची ॲलर्जी, दाब हलका हवा की जोराचा. ही विचारपूस मसाज करणारी मुलगी दार लावण्यापूर्वी वाचते. कुत्रा सोबत आला आहे का, या वेळेत तो कोणाकडे आहे, आणि काही झालं तर मसाज थांबवून सांगायचं का, या तीन प्रश्नांना त्या फॉर्मवर सहज जागा होईल. खोली ठरवायच्या आधी फोन करून यांतले शेवटचे दोन प्रश्न पाहुण्यानंच हॉटेलला विचारले तरी चालतील. रिसेप्शनवरची व्यक्ती त्या दोनांचं उत्तर कोणाला न विचारता देऊ शकली, तर पैसे भरायला हरकत नाही.