सुट्टी आणि स्वस्थता

सुट्टी लागली म्हणजे स्वस्थता मिळालीच, असे आपण सहज समजतो. परंतु सुट्टी असते दिनदर्शिकेत, आणि स्वस्थता असते मनात. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळेलच, असे नाही. रत्नागिरीतील हिवाळी सुट्टीचे दिवस पाहिले म्हणजे हा भेद चांगला ध्यानात येतो.

नाताळच्या सुट्टीत मुंबईकडील कित्येक चाकरमानी मुलाबाळांसह आपल्या कोकणातील घरी येतात. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यापासून हा प्रवास पुष्कळ सुकर झाला आहे. या दिवसांत येथील थंडी सुखद असते. ती अंगास बोचत नाही. समुद्र शांत असतो. उत्तरेकडून आलेल्या कुरव पक्ष्यांचे थवे किनाऱ्यावर दिसतात. सकाळी खळ्यात कोवळे ऊन पडते आणि चुलीवर करांदे उकडत असतात. आनंदास आणखी काय हवे?

परंतु याच दिवसांत हापूसची कलमे मोहरू लागतात. थंड रात्री आणि कोरडी हवा मोहरास मानवते. आभाळ ढगाळले, तर तुडतुडे व भुरी यांचा उपद्रव वाढतो. अवकाळी पाऊस आला, तर मोहर काळा पडून झडतो. बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न त्या मोहरावर अवलंबून असते. म्हणून पाहुणे ज्या आभाळाची शोभा पाहतात, त्याच आभाळाकडे घरातील आजोबा चिंतेने पाहत असतात. पाहुण्यांच्याही मनात कचेरीतील कामे आणि मुलांच्या परीक्षा घोळत असतात. त्यातच मांडवी, रत्नदुर्ग, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि गणपतीपुळे ही सारी स्थळे दोन दिवसांत पाहण्याची घाई! मग क्षुल्लक कारणावरून शब्दाने शब्द वाढतो, आणि जो तो मनातून हिरमुसतो.

असे का होते? चिंता वाटू लागली की नाडी जलद चालते, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात. संकटसमयी झुंजता किंवा पळता यावे, यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय. संकट टळले की शरीर पूर्ववत होते. परंतु चिंता दिवसेंदिवस टिकली, तर शरीरास विसावा मिळत नाही. झोप उडते, स्वभाव चिडचिडा होतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण अनुभवातूनच आलेली आहे.

केवळ रिकामपणाने ही चिंता दूर होत नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी येथे राजवाडाही बांधण्यात आला. राज्यकारभाराचा भार त्याच्यावर उरला नव्हता. परंतु मायदेशी परतण्याची मुभा त्यास १९१६ साली मृत्यू येईपर्यंत मिळाली नाही. वाडा आणि मोकळा वेळ असला म्हणजे मन मोकळे होतेच, असे नाही.

मग उपाय कोणता? पहिला उपाय म्हणजे चिंता बोलून दाखविणे. आजोबांनी मोहराची काळजी न लपविता सांगावी. मुलांनी परीक्षेचे भय सांगावे. आणि ऐकणाऱ्याने लगेच उपदेश करू नये. दुसरा उपाय म्हणजे कामाची वाटणी. पाहुण्यांनी बागेतील पातेरा गोळा करावा, वणवा लागू नये म्हणून कडेचे वाळलेले गवत कापण्यास हातभार लावावा. फवारणीच्या वेळी मात्र मुलांनी दूर राहावे. स्वयंपाकघराचा भार आजी, काकू यांच्यावरच पडू देऊ नये. सुट्टी त्यांचीही आहे. तिसरा उपाय म्हणजे बेत थोडे करणे. एका दिवशी एकच स्थळ पाहावे. सायंकाळी भाट्याच्या वाळूवर सावकाश चालावे, दीर्घ श्वास घ्यावा. चालण्याने आखडलेले अंग सैल होते, आणि रात्री झोपही चांगली लागते. ज्याला घटकाभर एकटे बसावेसे वाटते, त्याला तसे बसू द्यावे. इतके करूनही कोणाचे मन दीर्घकाळ उदास राहिले, तर वैद्यकीय सल्ला घेण्यात संकोच बाळगू नये.

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो फुले येतात. पण त्यांतून फळे मात्र एखाददुसरीच धरतात. बागायतदार हे जाणतो. तो झाडाची निगा राखतो. आभाळ मात्र त्याच्या हाती नसते. जे आपल्या हाती आहे ते मिळून करावे आणि जे नाही त्याची वाटही मिळूनच पाहावी. एकट्याने वाहिलेली चिंता जड होते. चौघांनी उचललेली तीच चिंता पुष्कळ हलकी होते. घरी जाऊन सुट्टी घालविण्याचे खरे प्रयोजन हेच होय.