बहुराष्ट्रीय सेनाधिपत्य

अनेक राष्ट्रांच्या सेना एकाच मोहिमेत उतरल्या असता त्यांना आज्ञा देण्याचा अधिकार (आधिपत्य) व त्यांच्या हालचालींचे नियमन (नियंत्रण) यांची व्यवस्था. सार्वभौम राष्ट्र आपल्या सैनिकांवरील अंतिम अधिकार सहसा सोडत नाही. परकी सेनापतीकडे तो ठरावीक कार्यापुरताच सोपविला जातो.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर ब्रिटिश व फ्रेंच सेना साडेतीन वर्षे स्वतंत्र आधिपत्यांखाली लढल्या. २१ मार्च १९१८ रोजी सुरू झालेल्या जर्मन चढाईने या दोन सेनांमध्ये खिंडार पडण्याचा धोका निर्माण झाला, तेव्हा दूलाँ येथील परिषदेत (२६ मार्च) फ्रेंच सेनानी फेर्दिनां फॉश यांच्याकडे समन्वयाचे काम देण्यात आले. बोव्हे येथील करारान्वये (३ एप्रिल) त्यांना रणनीतीच्या संचालनाचा अधिकार मिळाला. तथापि डावपेचांचे संचालन प्रत्येक राष्ट्राच्या सरसेनापतीकडेच राहिले. फॉश यांच्या आज्ञेने आपली सेना संकटात येते असे वाटल्यास स्वतःच्या शासनाकडे दाद मागण्याचा हक्कही त्याला होता.

आधिपत्य दुभंगल्यास त्याची किंमत सैनिकांना मोजावी लागते. सोमालियात संयुक्त राष्ट्रांची मोहीम चालू असता ३ ऑक्टोबर १९९३ रोजी मोगादिशूत छापा घालणारे अमेरिकी दल संयुक्त राष्ट्रांच्या आधिपत्याबाहेर होते. त्याच्या सुटकेसाठी पाकिस्तानी रणगाडे व मलेशियन चिलखती गाड्या यांची जुळवाजुळव होईपर्यंत कित्येक तास लोटले. या लढाईत १८ अमेरिकी व १ मलेशियन सैनिक मृत्युमुखी पडले. म्हणून अधिकारमर्यादांचा लेखी करार, संपर्क अधिकारी व समान परिभाषा यांची सिद्धता मोहिमेपूर्वीच करणे आवश्यक ठरते.