अमेरिकेतील कृष्णवर्णीय कामगारांचे वेतन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कामगारांच्या अल्प वेतनाचे कारण पुष्कळदा त्यांच्या शिक्षणात किंवा कौशल्यात शोधले जाते. परंतु वेतनविषयक कायद्यांचा इतिहास पाहता, कोणाच्या श्रमाला कायद्याने संरक्षण दिले आणि कोणाच्या श्रमाला वगळले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

गैरसमज १ : किमान वेतनाचा कायदा आरंभापासून सर्वांना सारखाच लागू होता.

वस्तुस्थिती : १९३८ च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट’ या कायद्याने ताशी २५ सेंट हे किमान वेतन ठरवले, परंतु शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळले. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. तथापि दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने याच कामांत असल्याने वगळणुकीचा भार प्रामुख्याने त्यांच्यावर पडला. १९६६ च्या दुरुस्तीने मोठी शेते, हॉटेले, लाँड्र्या, रुग्णालये आणि शाळा कायद्याच्या कक्षेत आल्या, तर घरकामगारांना त्यासाठी १९७४ पर्यंत थांबावे लागले.

गैरसमज २ : किमान वेतन लागू केले की दुर्बल कामगारांच्या नोकऱ्याच जातात.

वस्तुस्थिती : एलोरा डेरेनॉनकोर आणि क्लेर मॉन्टियालू या अर्थशास्त्रज्ञांनी १९६७ पासून अमलात आलेल्या उपर्युक्त दुरुस्तीच्या परिणामांचा अभ्यास केला, तेव्हा त्या काळात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांच्या कमाईतील तफावत जितकी घटली, त्या घटीचा २० टक्क्यांहून अधिक भाग या एका विस्तारामुळे असल्याचे आणि कृष्णवर्णीयांच्या रोजगारात लक्षणीय घट न झाल्याचे त्यांना आढळले.

गैरसमज ३ : पूर्णवेळ काम मिळाले की दारिद्र्य संपते.

वस्तुस्थिती : मेम्फिस शहरातील सफाई कामगार गळक्या टोपल्यांतून कचरा वाहत असत आणि दिवसभर राबूनही त्यांच्यापैकी अनेकांची कुटुंबे सरकारी साहाय्यास पात्र ठरत. १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचरागाडीच्या दाबयंत्रात सापडून दोन कामगार मृत्युमुखी पडल्यानंतर सुमारे १,३०० जणांनी संप पुकारला. पुढे संघराज्याचे किमान वेतन वाढत गेले, परंतु २००९ पासून ते ताशी ७.२५ डॉलरवरच थांबले असून, महागाईमुळे त्याचे वास्तव मूल्य, म्हणजे त्या पैशांत प्रत्यक्ष विकत घेता येणाऱ्या वस्तूंचे प्रमाण, सतत घटत आहे. या दराने आठवड्याला ४० तास, वर्षभर एकही सुटी न घेता काम केल्यास १५,०८० डॉलर मिळतात. घरभाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे हा तेथील प्रचलित निकष लावला, तर भाड्यासाठी महिन्याला केवळ ३७७ डॉलर उरतात. अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसी आणि साउथ कॅरोलायना या कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या राज्यांनी स्वतःचे वेगळे किमान वेतन ठरवलेलेच नाही.

गैरसमज ४ : पात्रता समान असली की संधीही समान मिळते.

वस्तुस्थिती : मॅरिअ‍ॅन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, केवळ नावांनी वेगळे अर्ज पाठवले, तेव्हा गोऱ्यांमध्ये रूढ असलेल्या नावांना सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नोंदवले आहे.

गैरसमज ५ : वेतन सारखे झाले की विषमता मिटेल.

वस्तुस्थिती : वेतन हे महिन्याचे उत्पन्न असते, तर संपत्ती म्हणजे घर, बचत आणि गुंतवणूक यांच्या मूल्यातून कर्ज वजा जाता उरणारा साठा होय. २०२२ मध्ये मध्यस्थानी असलेल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९०० डॉलर होती. म्हणूनच भाडेवाढ किंवा आजारपण दोन घरांवर सारखेच ओढवले, तरी एका घरी साठ्याला हात घालता येतो आणि दुसऱ्या घरी पुढच्या पगाराची वाट पाहावी लागते.