गुलामांची स्तुतिगीते

देवाची स्तुती म्हणजे शरणागती, असे चळवळीतल्या अनेकांना वाटते. अमेरिकेतील काळ्या गुलामांची ख्रिस्ती गीते पाहिली की हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो.

मालकांनी गुलामांना ख्रिस्त सांगितला तो बहुधा आज्ञाधारकपणा शिकवण्यासाठी. गुलामांनी त्याच बायबलातून मिसरच्या दास्यातून आपल्या लोकांना सोडवणारा मोशे उचलला. साऊथ कॅरोलायनात १७३९ च्या उठावानंतर, १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. पण टाळी आणि पायांचा ठेका कोण जप्त करणार? एकाने ओळ उचलायची, साऱ्यांनी झेलायची. अक्षर नाकारलेल्या माणसांची ही उपासना होती.

गुलाम गातात, म्हणजे ते सुखी आहेत, असे मालकवर्ग सांगे. स्वतः गुलामी भोगलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात हा समज खोडून काढला. त्यांच्या मते ती गाणी दुःखाची साक्ष होती.

१८७१ मध्ये कर्जात बुडालेल्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी दौऱ्यावर निघाले. त्यांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले. हीच गीते गाऊन त्यांनी मिळवलेल्या पैशातून नॅशव्हिलला ज्युबिली हॉल उभा राहिला. पुढे १९६० च्या दशकात अशी गीते, काही शब्द बदलून, नागरी हक्कांच्या मोर्च्यांत आणि तुरुंगांत घुमली.

प्रत्येक स्तुती विद्रोह असते, असे मी म्हणत नाही. पण बाजारात ज्याची किंमत ठरवली गेली, तो ‘देव मला ओळखतो’ असे गातो, तेव्हा तो मालकाची मालकी नाकारत असतो. स्तुती कोण करतो आणि कोणाच्या पहाऱ्यात करतो, हे आधी पाहावे; मगच तिला शरणागती म्हणावे.